नानाच्या जागेवरचा पिच्चर

बीड जिल्ह्यात मी सिनेमा बघायचं यंत्र घ्यायला गेले होते, हे देवरूखात आता मी कुणाला सांगत नाही. एकदा सांगून पाहिलं. समोरच्या किराणावाल्या काकू साखर जोखता जोखता थांबल्या आणि म्हणाल्या, "का गो, रत्नागिरीत मिळत नाही?" मिळतं, सगळं मिळतं. पण रत्नागिरीत घेतलं असतं तर चुकीचंच घेतलं असतं. तसं मी धारूरलाही आधी चुकीचंच घेतलं म्हणा.

झालं असं, की माझ्या थोरल्या बहिणीचा, सुमनताईचा फोन आला. तिचे यजमान, म्हणजे माझे भावोजी, मूळचे बीड जिल्ह्यातले. प्राथमिक शिक्षक म्हणून आमच्या कोकणात आले, तिथंच ताईशी लग्न केलं आणि निवृत्त झाल्यावर तिला घेऊन आपल्या गावी गेले, धारूरच्या घाटाखाली. पुढं त्यांची मूत्रपिंडं गेली. आता दर मंगळवारी आणि शुक्रवारी घाट चढून अंबाजोगाईला डायलिसिसला जावं लागतं. ताई फोनवर म्हणाली, "यांनी दोन पाळ्या चुकवल्यात. जीपमध्ये वेळ जात नाही म्हणतात. वाटेत पिच्चर बघायला काहीतरी घेऊन द्या, तर जातो म्हणतात. मला त्यातलं काही कळत नाही, तू ये."

मी झेरॉक्सचं दुकान चालवते, म्हणून आमच्या घरात मला इंजिनियर समजतात. पण फोन ठेवल्यावर मी दुकानातल्या स्टुलावर बसूनच राहिले. रक्त धुतलं नाही तर माणूस जगत नाही, एवढं मलाही कळतं. आणि साठी उलटलेला, आयुष्यभर पोरांना शिस्त लावलेला माणूस पिच्चरसाठी अडून बसलाय? त्याच रात्रीच्या गाडीचं आरक्षण केलं.

घाटाखाली

एसटीच्या प्रवासाचं वर्णन करत नाही. ज्यांनी केलाय त्यांना ठाऊक आहे, ज्यांनी केला नाही त्यांना पटणार नाही. रविवारी दुपारी ताईच्या दारात उतरले ते दोन्ही हातांत दोन पिशव्या घेऊन. एकीत आंबापोळी आणि फणसाचे गरे, दुसरीत आमच्या परसातली चार शहाळी. आजारी माणसाकडे रिकाम्या हातानं जायचं नाही आणि शहाळ्यासारखं पथ्याचं दुसरं काही नाही, ही आमची कोकणातली समजूत.

ताईनं पिशवीत डोकावून पाहिलं आणि ती माझ्या हातातून अक्षरशः हिसकावली. "जीव घ्यायला आलीस का यांचा?" किडनीच्या पेशंटला शहाळ्याचं पाणी म्हणजे विष, हे मला तिथं उंबऱ्यावर उभ्या उभ्या कळलं. त्या पाण्यावर आमच्याकडे मरणाच्या दारातली माणसं उठून बसतात! ताईनं शहाळी शेजारी देऊन टाकली आणि मग मला मिठी मारून रडली. "लई बरं केलंस आलीस," म्हणाली. लई! ताईच्या तोंडी लई! मला तेवढ्यातही त्याचं नवल वाटलं.

भावोजी ओसरीत बाजेवर बसले होते. मी त्यांना चटकन ओळखलंच नाही. चेहरा सुजून डोळ्यांच्या फटी झालेल्या, पाय खांबासारखे, दोन वाक्यं बोलले की दम. मी आपली "तसे बरे दिसताय हो" म्हणाले. आमच्याकडे असंच म्हणतात आणि मागच्या दारी जाऊन डोळे पुसतात. एवढ्यात शेजारचे एक काका भेटायला आले, खाली बसले आणि पहिलं वाक्य बोलले, "गुरुजी, लई सुजलाव की. असं करताव तर पोळा काई बघत न्हाई तुमी."

मी ताईकडे पाहिलं. आता ती त्यांना हाकलून देणार, असं मला वाटलं. तिनं चहा टाकला.

"ह्या कोन?" काकांनी माझ्याकडे बघून विचारलं.

"मेव्हणी हाय," भावोजी म्हणाले.

"मग मेव्हणीसाठी तरी जगा की दोन वर्सं!" आणि दोघंही हसले. भावोजींना हसता हसता धाप लागली. मी स्वयंपाकघरात निघून गेले. तिथं ताईनं वाढलेली झणझणीत येसर आमटी पहिल्या घासाला अशी लागली, की मी रडतेय ते आमटीनं की आणखी कशानं, हे कुणाला कळलं नाही, हे एक बरं झालं.

धारूर

सोमवारी सकाळी मी आणि ताई घाट चढून धारूरच्या बाजारात गेलो. घाटातले डोंगर बघण्यासारखे आहेत. आमचे डोंगर सगळे झाडांत बुडालेले. इथं त्यांची हाडं दिसतात.

मोबाईलच्या दुकानाचे मालक अझहरभाई. गोरेपान, मेंदी लावलेली दाढी, बोलणं एकदम मऊ. सिनेमा बघायचं काहीतरी हवंय म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "कावून पायजे? पोराला का पेशंटला?"

"पेशंटला," ताई म्हणाली. "डायलिसिसला जातेत."

"पेशंट कसा हाय?" मला वाटलं चौकशी करतायत, म्हणून सांगू लागले. त्यांनी हात वर करून थांबवलं. "तसं न्हाई आपा. वॉरंटीसाठी इचारतो. एक वर्साची कंपनीची हाय. दुसरं वर्स पायजे तर जास्तीचे पैसे हायेत. वाया जाऊ नयेत म्हनून इचारलं."

मी काउंटरची कड घट्ट धरली. इतकी वर्षं दुकानात बसते, पण गिऱ्हाइकाला असा प्रश्न माझ्या स्वप्नातही आला नसता. त्या माणसाच्या चेहऱ्यावर मात्र दुष्टपणाचा लवलेश नव्हता. पोराचा शर्ट शिवायला टाकला की शिंपी विचारतो, वाढत्या अंगाचा शिवू का, तसं विचारलं होतं त्यांनी. मी काही सुनावणार, एवढ्यात ताई म्हणाली, "दोन वर्साची द्या." तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही. अझहरभाईंनी मान डोलावली आणि कपाट उघडलं.

मग निवड सुरू झाली. मोठा मोबाईल घ्यावा तर भावोजींना मोतीबिंदू. लॅपटॉप मांडीवर जड. डाव्या हातात सुया खुपसतात, त्यामुळे त्या हातानं काही उचलायचं नाही, म्हणजे जे घ्यायचं ते एका हातात मावणारं हवं. वाटेत धड नेटवर्क नाही, म्हणून पिच्चर कार्डात भरलेले हवेत. ते काम अझहरभाईच करून देणार होते. त्यांनी एक बोजड, पाटीएवढ्या पडद्याचा चायना टीव्ही दाखवला. पेनड्राइव्ह लावायची सोय, वरती कडी, गाडीच्या सॉकेटवर चालणारा, आणि आवाज असा की दुकानातलं मांजर पळालं. मी कानांवर हात ठेवले. जीपमध्ये आणखी माणसं असतात, तीही आजारी. त्यांना त्रास नको!

मी निवडला एक सडपातळ टॅब, त्याला कान पूर्ण झाकणारे हेडफोन, आणि हात मोकळे राहावेत म्हणून गळ्यात अडकवायचा एक वाकडा स्टँड. दुसऱ्याला कळणारसुद्धा नाही इतक्या गुपचूप पिच्चर बघता येईल, अशी सगळी व्यवस्था. घाट उतरताना मी माझ्यावर फार खूश होते.

मंगळवार, जीपमध्ये

भावोजी तयार झाले. ताईचे गुडघे दुखतात, म्हणून सोबत मी. लक्ष्मण नावाच्या तरुणाची काळी-पिवळी जीप दारात आली. मधल्या बाकावर खिडकीशी भावोजी बसले, त्यांच्या शेजारी मी. लक्ष्मणनं आरशातून माझ्याकडे पाहिलं, काहीतरी बोलणार होता, बोलला नाही.

धारूरला जैनबबी चढल्या. बांगड्यांचं दुकान चालवणाऱ्या, साठीच्या, मनगटापासून कोपरापर्यंत एका हातात बांगड्या आणि दुसरा, सुयांचा हात, रिकामा. त्याही माझ्याकडे बघून गप्प झाल्या आणि मागं बसल्या. पुढच्या गावाला फाट्यावर उभे होते बप्पा. माजी सरपंच, पांढरंशुभ्र धोतर, भरघोस मिशा. एक पाय पायरीवर ठेवून ते तसेच थांबले.

"ही बाई नानाच्या जागंवर कावून बसली?"

"मावशी," लक्ष्मण हळूच म्हणाला, "ती नानाची जागा हाय."

"मग नाना कुठं चढणार आहेत?" मी सरकायच्या तयारीत विचारलं.

"नाना मेला की," बप्पा म्हणाले.

मी बाकावरून अशी उठले, की डोकं जीपच्या टपाला आपटलं. भावोजींनी मला पुढं लक्ष्मणशेजारी बसायला सांगितलं. डायलिसिसच्या त्या चौथ्या सोबत्याची, नानाची जागा रिकामी राहिली आणि जीप निघाली.

त्यानंतरची शांतता मी कधी विसरणार नाही. आमच्याकडे प्रेतयात्रेतसुद्धा माणसं कुजबुजतात. इथं तीन माणसं एकाच गाडीत बसलेली आणि तिघांची तोंडं तीन खिडक्यांबाहेर. मी मागं वळून भावोजींच्या गळ्यात स्टँड अडकवून दिला, टॅब लावला, कानांवर हेडफोन चढवले. भावोजींच्या चेहऱ्यावर जरा हुशारी आली. त्यांचा चेहरा टॅबच्या उजेडात निळा दिसत होता. आपण जग जिंकलं, असं मला वाटलं.

पाच मिनिटंही गेली नसतील, तोच बप्पा गरजले, "गुरुजी! कान बंद करून घेतले का? आमी काय मेलो का हितं?"

भावोजींना ऐकू गेलं नाही. बप्पांनी हात लांबवून हेडफोन खेचला. त्याच वेळी जीप खड्ड्यात गेली आणि गळ्यातल्या स्टँडनं टॅब थाडकन भावोजींच्या नाकावर हाणला. नाकातून रक्त. मी किंचाळले. लक्ष्मणनं गाडी थांबवली.

"एकट्यानं बघतुय, बे!" बप्पा थरथरत होते. "चार मान्सांत बसून एकट्यानं खातेत का कधी?"

"तुमी तरी बोलताव का?" भावोजी नाकाला रुमाल लावून ओरडले. "नाना गेल्यापासून कोन बोललंय हितं? मसनात बसल्यावानी बसताव समदे! मला न्हाई सोसत! म्हनून मागितलं मी हे!"

मागून जैनबबींचा आवाज आला. "वो रहता तो दूसरे किसी को बोलने का मौका नहीं मिलता था. इतका बोलायचा नाना." आणि त्या पदरानं डोळे पुसू लागल्या.

मी सुन्न झाले. वेळ जात नाही म्हणून नव्हे, तर त्या शांततेला घाबरून हा माणूस मरायला तयार झाला होता, आणि मी त्याला कान झाकायचं यंत्र आणून दिलं होतं! परतीच्या वाटेत तिघंही गलितगात्र होऊन झोपले होते. घरी उतरताना भावोजींनी टॅब माझ्या हातात दिला. "शुक्रवारी मी येत न्हाई," म्हणाले. ताईनं दारातूनच ते ऐकलं आणि ती आत गेली.

पुन्हा धारूर

बुधवारी एकटीच घाट चढून गेले. अझहरभाईंनी टॅब उलटसुलट करून पाहिला. "खराब निघाला काय?"

"नाही. चांगला आहे म्हणूनच परत आणलाय."

त्यांना काही कळलं नाही, पण त्यांनी वाद घातला नाही. मी तो बोजड चायना टीव्ही घेतला, कडीसकट. आवाज आणखी मोठा होईल का, असं मीच विचारल्यावर त्यांनी एक वेगळा स्पीकर काढून दिला. हेडफोन आणि स्टँड तिथंच सोडून आले. पिच्चर कुठला भरायचा, यावर मात्र माझं डोकं चालेना. कुणी मरायचं नाही, आजार नको, दवाखाना नको, एवढंच सांगितलं. त्यांनी एक जुना, विनोदी, कुणाला नाव आठवत नाही असा पिच्चर भरून दिला. लग्नाच्या दिवशी नवरदेव पळून जातो आणि घोडा, बँड, वऱ्हाड सगळं त्याला शोधत गावभर फिरतं, अशी गोष्ट.

शुक्रवारी भावोजींना जीपमध्ये बसवायला ताईला आणि मला मिळून किती विनवण्या कराव्या लागल्या, ते लिहीत नाही. शेवटी ताई म्हणाली, "मेव्हणीनं आनलंय, निदान बघून तरी या," आणि ते उठले.

बप्पा चढेपर्यंत मी तो टीव्ही मांडीवर घेऊन बसले होते. ठेवायचा कुठं? सगळ्यांना दिसेल अशी जागा एकच, मधल्या बाकाची. मी काही बोलायच्या आत जैनबबींनी तो माझ्याकडून घेतला आणि नानाच्या जागेवर ठेवला, पडदा मागं वळवून कडीत दोरी ओवून बाकाला बांधला. भावोजी आणि बप्पा मागच्या बाकावर जैनबबींसमोर जाऊन बसले. लक्ष्मणनं वायर सॉकेटला लावली.

पहिल्या गाण्यालाच बप्पा म्हणाले, "हा घोडा लंगडा हाय." जैनबबी म्हणाल्या, "घोडा नहीं, तुमची नजर लंगडी हाय." त्यानंतर त्या जीपमध्ये जो कालवा झाला! पिच्चरपेक्षा माणसंच जास्त बोलत होती. नवरदेव कुठं लपलाय यावर पैजा लागल्या. भावोजी हसत होते, नाकावरची पट्टी सावरत. मी पुढं बसून फक्त ऐकत होते. मंगळवारची तीच माणसं ही, यावर माझा विश्वास बसेना.

दवाखान्याच्या दारात जीप थांबली तेव्हा वरात नवरीच्या मांडवापाशी पोचली होती, बिननवऱ्याची. मी टीव्ही सोडवून घेऊ लागले, भावोजींना खाटेवर लावून देता येईल म्हणून. बप्पांनी माझ्या हातावर चापट मारली. मला, एका परक्या बाईला!

"हात लावायचा न्हाई. पुढचा पिच्चर मंगळवारी. समदे बसल्यावर."

"अहो, पण आम्ही विकत घेतलाय!"

"घेतला आसंल. पन बघायचा समद्यांनी."

जैनबबींनी आणि भावोजींनीही मान हलवली. मी आणलेला टीव्ही लक्ष्मणच्या ताब्यात गेला. ताईला सांगितलं तर ती रागावेल असं वाटलं होतं. ती बाजेवर बसून पहिल्यांदा पोट धरून हसली.

मंगळवार

मला त्या दिवशी दुपारी अंबाजोगाईहून परतीची गाडी होती. पिशव्या भरून मी जीपमध्ये बसले. भावोजींचा चेहरा आता ओळखू येत होता. धारूरला जैनबबी चढल्या त्याच मुळी नवरदेव विहिरीत लपला असणार असं सांगत.

बप्पांच्या फाट्यावर कुणी नव्हतं. लक्ष्मणनं हॉर्न वाजवला, मग दुसऱ्यांदा, मग लांबलचक. जैनबबी ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटू लागल्या. सगळ्यांनाच नाना आठवला असणार. मग वस्तीकडून बप्पांची सून लगबगीनं येताना दिसली.

"मामा येत न्हाईत म्हनतेत. मागच्या बारी पायात लई गोळे आलते. आता बास म्हनतेत. तुमी जावा."

मला वाटलं, लक्ष्मण आता गाडी सुरू करील. पण भावोजी दार उघडून खाली उतरले. मी मागोमाग उतरायला गेले, तर म्हणाले, "तू बस." आणि तो माणूस, ज्याला आठ दिवसांपूर्वी दोन वाक्यं बोलताना धाप लागत होती, सुनेच्या मागं हळूहळू चालत वस्तीकडे गेला.

आम्ही वाट बघत बसलो. जैनबबींनी पिच्चर लावायला हात केला आणि मागं घेतला. आतून बप्पांच्या ओरडण्याचा आवाज येत होता. मग तोही बंद झाला. मला खात्री वाटली, की आता भावोजी एकटेच येणार, आणि जीप परत मसणासारखी होणार.

आले ते दोघं. बप्पा पुढं, धोतर सावरत, शिव्या देत. भावोजी मागं. बप्पा जीपमध्ये चढले. बसले आणि म्हणाले, "लाव बे लक्ष्मण." मांडवापाशी थांबलेली वरात हलली.

दवाखान्यात भावोजींना आत घ्यायला वेळ होता. माझ्या गाडीची वेळ होत आली होती, पण विचारल्याशिवाय मला जाववेना.

"आत काय सांगितलंत त्यांना?"

"काय सांगायचं? म्हनलं, तू येनार नसशील तर मीबी घरी जातो. आन् त्याच्या बाजंवर जाऊन झोपलो."

"छान युक्ती केलीत," मी म्हणाले. "पण ते नसते उठले, तर तुम्ही आला असतातच की इथं."

भावोजींनी माझ्याकडे पाहिलं. थट्टा करत असतील म्हणून मी हसायच्या बेतात होते.

"न्हाई," ते म्हणाले. "नसतो आलो."

नर्सनं नाव पुकारलं. ते डाव्या हाताची बाही वर सारत आत गेले. माझा फोन वाजला. ताई होती.

"गेले का गं आत?"

"गेले," मी म्हटलं. बाकीचं तिला आज, हे वाचूनच कळेल.